कर्नलपदाचा उंबरठा

प्रश्न : माझा पुतण्या पायदळात लेफ्टनंट कर्नल आहे, नोकरीला चौदा वर्षं झाली. पुढची बढती आपोआप मिळते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आतापर्यंतच्या बढत्या वर्षांच्या हिशेबाने आल्या : कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६, लेफ्टनंट कर्नल १३. मधे ‘पार्ट बी’ आणि ‘पार्ट डी’ या परीक्षा तेवढ्या पास व्हाव्या लागल्या. कर्नलपासून मात्र निवड सुरू होते आणि बहुतेकांची वाट इथेच अडते, कारण कर्नलच्या हाती द्यायच्या पलटणी मोजक्या आणि अधिकारी बरेच.

कर्नलसाठी तीन नंबरचं निवड मंडळ बसतं, ब्रिगेडियरसाठी दोन नंबरचं, मेजर जनरलसाठी एक नंबरचं. एकाच वर्षी अधिकारी झालेल्यांची बॅच एकत्र तपासली जाते. सगळ्यांत जास्त वजन वार्षिक गोपनीय अहवालांना, त्यातही कंपनी (पलटणीतली एक तुकडी) सांभाळतानाच्या अहवालांना. गफलत होते ती इथे. अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली किमान ९० दिवस प्रत्यक्ष काम झालेलं असावं लागतं. लांब रजा, कोर्स, तात्पुरती ड्यूटी यांत दिवस कमी पडले तर कमांडचा मोलाचा अहवालच हुकतो. पुतण्याने ते दिवस स्वतः मोजत राहावेत.

पहिल्या खेपेला नाव आलं नाही तर खचू नये. त्यानंतर आणखी दोनदा फेरविचार होतो. अहवालात अन्याय झालाय असं वाटलं तर आधी खात्यात रीतसर तक्रार, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. निवड झालीच नाही तरी २६ वर्षांच्या सेवेनंतर ‘टाइम स्केल’, म्हणजे सेवेच्या वर्षांवरून मिळणारं, कर्नलपद मिळतं. पलटणीची कमांड मात्र मिळत नाही. निवृत्ती कर्नलला ५४व्या वर्षी, ब्रिगेडियरला ५६, मेजर जनरलला ५८, लेफ्टनंट जनरलला ६०.

प्रश्न : मेजर लेफ्टनंटच्या वर, मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर कसा?

उत्तर : मेजर जनरलचं जुनं नाव ‘सार्जंट मेजर जनरल’ होतं, आणि सार्जंट मेजर हा लेफ्टनंटच्या खालचा. त्यातला ‘सार्जंट’ गळला, क्रम तोच राहिला.

प्रश्न : घरातल्या जुन्या फोटोवर साल नाही. गणवेशावरून काळ कळेल का?

उत्तर : खांद्याकडे भिंगातून बघा. मुकुट आणि चौकोनी तारा असेल तर फोटो बहुधा १९५० च्या आधीचा. अशोकस्तंभ आणि पाच टोकांचा तारा नंतरचा. उदाहरणार्थ, ले. ज. शंकरराव थोरात १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉवला लढले तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते, म्हणजे मुकुट आणि एक तारा. १९५३ साली मेजर जनरल म्हणून भारतीय तुकडी घेऊन ते कोरियात गेले, तेव्हा खांद्यावर तलवार-दंडाची फुली आणि वर एक तारा. लष्करी गणवेशावर ही फुली दिसली की फोटोतला माणूस जनरल दर्जाचा, हे पक्कं.