टेबल उंच, पाय अधांतरी

प्रश्न: नमस्कार ताई, मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून मागच्या महिन्यात परत जॉईन झाले तर माझी खुर्ची कोणीतरी नेलेली, आता मिळेल त्यावर बसते, काम लॅपटॉपवर. उंची ५ फूट. दुपारनंतर मान, उजवा खांदा भरून येतो, पाय सुजतात. साहेब म्हणाले काय लागतं ते लिहून द्या. काय लिहू?

उत्तर: साहेबांनी स्वतःहून विचारलंय ना, मग अजिबात संकोच करू नका. आधी टेबल मोजा. ऑफिसचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं, ५ फूट उंचीच्या बाईला ते जास्तच होतं, टाईप करायला खांदे उचलून धरावे लागतात आणि तसे दिवसभर धरले की दुखणारच. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्यायची, कोपर टेबलाच्या लेव्हलला येईपर्यंत. मग पाय लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते, तर पायाखाली टेकू हवाच. फूटरेस्ट येईपर्यंत ए-फोर कागदाच्या रीम वापरा, एक रीम साधारण २ इंच, दोन एकावर एक ठेवून चिकटपट्टीने घट्ट बांधा, असे दोन गठ्ठे करा, एकेका पायाला एक. पण सूज एकाच पायाला असेल किंवा पोटरी दुखत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा, त्यात दिवस घालवू नका.

लॅपटॉपचं असं आहे की स्क्रीन वर घेतली तर हात वर जातात आणि हात खाली ठेवले तर मान वाकते, म्हणून स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माऊस यादीत सगळ्यात वर लिहा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. आणि कीबोर्ड छोटा घ्या, नंबर पॅड वेगळा. मोठ्या कीबोर्डला उजवीकडे नंबर पॅड असतो त्यामुळे माऊस लांब जातो, हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो आणि उजवा खांदा जातो, अकाउंट्सवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं. एन्ट्री करताना पॅड जवळ ओढा, झालं की बाजूला.

खुर्ची महागडीच हवी असं नाही. उंची कमीजास्त होणारी, कमरेला आधार देणारी, आणि पूर्ण मागे टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जातील इतकीच खोल. ऑनलाईन मागवू नका, दुकानात जाऊन दहा मिनिटं बसून बघा. आणि आली की मागे नावाचं स्टिकर लावा, नाहीतर हीपण कोणीतरी ओढून नेईल.