दोन सालं लिहून ठेव

अगं,

परवा ऐरोलीहून प्रकरणाचा मसुदा घेऊन नौपाड्यात आलीस आणि चहा गार होईपर्यंत एकच विचारत राहिलीस : पॅनोफ्स्की रीगलच्या बाजूचा की विरुद्ध? दोघेही कलेचे इतिहासकार, मुळात जर्मनमध्ये लिहिणारे; रीगल आधीच्या पिढीचा, पॅनोफ्स्की नंतरच्या. गोंधळ तुझ्या बुद्धीचा नाही. ज्या क्रमाने ही पुस्तकं आपल्या हाती पडली, त्या क्रमाचा आहे.

म्हणून सांगतो, प्रत्येक नोंदीपुढे दोन सालं लिही. मूळ भाषेतलं आणि इंग्रजीतलं. रीगलचं अलंकरणाच्या इतिहासावरचं जर्मन पुस्तक १८९३चं, इंग्रजीत १९९२ला आलं. पॅनोफ्स्की नाझींमुळे हॅम्बुर्गची नोकरी गमावून अमेरिकेत गेला, इंग्रजीत लिहू लागला आणि १९३९पासून थेट वाचला गेला. नंतरच्या पिढीचा पॅनोफ्स्की आधी पोचला, आधीच्या पिढीचा रीगल पन्नास वर्षांनी. तुझ्या मसुद्यात मात्र सगळे एकाच गावच्या पारावर बसून वाद घालतायत!

रीगलचा शब्द 'कुन्स्टवोलेन', म्हणजे एखाद्या काळाच्या सगळ्या कलेमागची ओढ. अंबरनाथच्या शिवमंदिरावर लिहिताना मी त्याचं 'कलावंताची इच्छा' केलं आणि शके ९८२चा शिलालेख असलेल्या मंदिराच्या अनाम शिल्पींना ती इच्छा चिकटवली. नेमका हाच अर्थ चुकीचा, असं पॅनोफ्स्कीने १९२०मध्येच लिहिलं होतं. तो लेख इंग्रजीत आला १९८१ला. माझा लेख त्यानंतरचा. झेरॉक्सवर भागवायचे दिवस होते, जर्मन येत नव्हतं, नोकरी सांभाळून लिहीत होतो. ही कारणं खरी आहेत, आजही खरीच म्हणेन. पण सालं बघायला जर्मन लागत नाही. ती पुस्तकाच्या पहिल्या पानांतच छापलेली असतात. मी ती पानं उलटून पुढे गेलो.

आता तुझं 'चित्रमय'. वोल्फलिन हाही जर्मनमध्ये लिहिणारा कला-इतिहासकार. त्याचा 'मालेरिश' हा शब्द, म्हणजे रेषेपेक्षा ऊन-सावलीतून उमटणारं रूप, १९१५च्या पुस्तकातला. इंग्रजीत १९३२ला 'पेंटर्ली' झाला, तुझ्याकडे येईतो 'चित्रमय'. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या युरोपीय कलेचा फरक सांगायला त्याने तो वापरला. तू तो मंडोवरावर, म्हणजे देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, लावलास, तेही न विचारता की इथे प्रश्न तोच आहे का. शिखराला मात्र 'भूमिज' म्हणालीस, शिखराच्या एका प्रकाराचा आपल्या शिल्पग्रंथांतला शब्द, आणि तेवढाच परिच्छेद स्वच्छ उतरलाय. वोल्फलिन टाकून दे असं मी म्हणत नाही. सालं लिही, एवढंच म्हणतोय.

रविवारी सकाळी अंबरनाथला पूर्वेला उतर, मी थांबतो. भिंतीवर ऊन-सावली कशी पडते ते आधी साध्या मराठीत लिही. मग वही उघडू.

तुझे,
सर