फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा (पीसीएसएक्स२, जीएसडीएक्स प्लगइन एरर)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् माझा जुना पेंटियम डोळ्यांसमोर आला. पीसीएसएक्स२ची (संगणकावर प्लेस्टेशन २चे गेम चालवणारा प्रोग्राम) जुनी आवृत्ती, गेम लावला की जीएसडीएक्स हे चित्र दाखवणारं प्लगइन लोड होत नाही, 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल' सापडत नाही म्हणून खिडकी येते, आणि दुकानदार म्हणतो विंडोज मारावं लागेल. शब्दाशब्दाने माझंच दुखणं. बायोस (कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), कंट्रोलर तुम्ही लावलंच असेल, त्यात जात नाही. (बायोस स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा असतो, मला लिंक मागू नका.)

सीपीयू दुकानात नेऊ नका, एवढं ऐका.

मी नेला होता. दारव्ह्याकडचं आमचं गाव. सीपीयू चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून मित्राच्या गाडीवर मागे बसून तालुक्याला गेलो. दुकानदाराने पाच मिनिटं पाहिलं, फॉरमॅट मारला, तीनशे रुपये घेतले. घरी लावला, तीच खिडकी. पुन्हा नेला, पुन्हा तीनशे. वरून म्हणे, "बोर्ड गेला वाटते भाऊ." बोर्डाला काही झालं नव्हतं. ती 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल' फाइल विंडोजसोबत येतच नाही! डीएक्सडायग या विंडोजच्या तपासणी प्रोग्राममध्ये डायरेक्टएक्स (गेमच्या ग्राफिक्ससाठी लागणारा विंडोजचा भाग) ११ दिसो की १२, जुन्या डायरेक्टएक्स ९च्या या जोडफायली वेगळ्या टाकाव्या लागतात. कोरं विंडोज दहादा मारलं तरी त्यात ती फाइल नसणारच. दुकानात बसणाऱ्याला हे ठाऊक नसावं?

पैशांचं जाऊ द्या. डॉक्युमेंट्समधलं 'मेमकार्ड्स' फोल्डर (गेमचे सेव्ह यातच असतात) त्यात उडालं. आठ एमबीची फाइल, धाकट्याने दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्चून जमवलेल्या गेममधल्या गाड्या त्यात. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. तुम्ही आत्ताच ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मग पुढचं वाचा. सेव्हस्टेटच्या (चालू गेम आहे तिथेच गोठवून ठेवलेली फाइल) भरवशावर राहू नका, आवृत्ती बदलली की ते बहुतेक वेळा चालत नाहीत.

दुकानाच्या आधी एक मूर्खपणा मी स्वतःही केला होता. कुठल्यातरी साइटवरून एकटी डीएलएल उतरवून सिस्टम३२मध्ये टाकली. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ हे ६४ बिटवाल्यांचं घर, आणि ३२ बिटच्या फायली सिसवाऊ६४मध्ये. अशी उलटी नावं देणाऱ्याला काय म्हणावं! ही जुनी आवृत्ती ३२ बिट, तिला माझी फाइल दिसलीच नाही. अशा साइटवरून काय काय सोबत येतं ते वेगळंच.

मायक्रोसॉफ्टचा जून २०१०चा डायरेक्टएक्स रनटाइम घ्या. पूर्ण पॅकेज साधारण ९५ एमबीचं आहे, आपल्याकडच्या नेटला वेब इन्स्टॉलरपेक्षा हे बरं. ते चालवलं की फायली कुठे काढू म्हणून फोल्डर विचारतं. काढून झालं की काम झालं असं वाटतं, झालेलं नसतं. त्या फोल्डरमधलं 'डीएक्ससेटअप' चालवायचं.

तरी अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही. माझ्या दुकानदाराने तोही टाकला नव्हता. आणि प्लगइनच्या यादीत एसएसई४वाला निवडला असेल तर एसएसई२वाला करून बघा (एसएसई म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या खास सूचनांचा संच). पेंटियम ई५३००सारख्या प्रोसेसरला एसएसई४ नाही. सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या प्रोग्राममध्ये ते दिसतं.

नव्या २.० आवृत्तीत प्लगइनची भानगडच काढून टाकली आहे, पण तिला एसएसई४.१ लागतं, म्हणून असल्या मशीनवर तिचा उपयोग नाही. मी काही इंजिनिअर नाही, माझ्या मशीनवर चाललं ते लिहिलं.

हो, गेम सेव्ह होत असताना लाइन गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे तरी मी लोडशेडिंगची वेळ पाहूनच बसतो. प्रोसेसरचं नाव आणि पीसीएसएक्स२च्या लॉगमधल्या शेवटच्या दोन-चार ओळी टाका, रात्री पाहतो.