तलवारीचा गंज काढणाऱ्या मुलाने पुढे काय शिकावं?

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. खंडेनवमीला आम्ही पूजतो ती पणजोबांची तलवार त्याने लिंबू आणि पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. सासरे तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. तो मात्र म्हणतो, मला हेच काम करायचंय. गडावर दिसलेला एक तोफगोळाही घरी आणणार आहे. यात पोट भरेल का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, सासऱ्यांचा राग रास्त आहे. तो का रास्त आहे, हे मुलाला कळलं की त्याचं अर्धं शिक्षण तिथेच सुरू होईल.

गंज सगळा सारखा नसतो. वरचा नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज काढायचाच. त्याखाली काळपट, घट्ट थर असतो, त्यात बराचसा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचंच काळं ऑक्साइड. हीच पॅटिना. ती खालच्या लोखंडाला थोडंफार जपते आणि वस्तूचं वयही सांगते. लिंबाच्या आम्लाला हा फरक कळत नाही. ते गंज खातं, काळा थर खातं आणि मग लोखंडाला लागतं. पॉलिश पेपर त्याहून वाईट. फिरंगी तलवारींची पाती युरोपातून येत, त्यांवर तिथल्या कारागिरांच्या खुणा असतात. मुठीवर कोफ्तगिरी असेल तर लोखंडावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकून बसवलेली असते. घासून गेलेलं हे काम परत आणता येत नाही.

एका संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं काम करणाऱ्याला, मी कट्यारीवर काम करताना पाहिलंय. भिंगाखाली, शस्त्रक्रियेच्या सुरीने, सकाळभरात दोन बोटांएवढी जागा. गंजातून चांदीचा एक ठिपका चमकला आणि त्याने सुरी खाली ठेवली. उरलेल्या गंजावर त्याने कुंचल्याने टॅनिक आम्ल फिरवलं, तशी ती जागा निळसर काळी झाली. जुन्या पोथ्यांसाठी हिरडा आणि लोखंडापासून शाई करत, तिथलं रसायन हेच. शेवटी मेणाचा पातळ हात. कुठे थांबायचं, हे त्याला कळत होतं आणि मुलाने शिकायचंय ते हेच.

त्यासाठी बारावीनंतर केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करू द्या. मग नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये (पूर्वीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था) संवर्धनात एम.ए. करता येतं. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा डेहराडूनला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. पोट भरेल, पण उशिरा. सरकारी जागा थोड्या, सुरुवातीची वर्षं प्रकल्पांवर कंत्राटी कामाची. घराला लगेच पगार हवा असेल तर ही वाट जड जाते, हे आत्ताच मोकळेपणी बोलून घ्या. तरीही, विचारलंत म्हणून सांगते, हाताला इतकी ओढ असलेलं मूल मी तरी अडवणार नाही.

तोफगोळा मात्र आहे तिथेच राहू द्या, हात लावू नका. पोकळ गोळ्याच्या आत दारू असू शकते. शिवाय संरक्षित गडावरची वस्तू उचलणं गुन्हा आहे. जागेचा फोटो काढून पुरातत्त्व खात्याला किंवा तहसील कार्यालयात कळवा.

तलवार आता आणखी घासू नका. कोरड्या सुती कापडाने पुसा आणि पाण्याचा थेंबही लावू नका. उघड्या हाताने पातं धरू नका, घामातलं मीठ नवा गंज आणतं. म्यान चामड्याचं असेल तर पातं बाहेर, कोरड्या जागी ठेवा. येत्या खंडेनवमीला हळदकुंकू पात्याऐवजी शेजारच्या सुपारीवर वाहा. आणि मुलाला आजोबांजवळ वही घेऊन बसवा: घासण्याआधी तलवार कशी दिसायची, डाग कुठे होते, मुठीवर काय होतं, त्यांना आठवेल ते सगळं त्याने लिहून घ्यावं. कुठलाही संवर्धक वस्तूला हात लावण्याआधी अशीच नोंद करतो. याच्याकडून ती राहून गेली आहे.