डोंगरी स्नोमोबाइल : टर्बो की सुपरचार्जर?

प्रश्न : भाच्याकडे गुलमर्गला 800 सीसी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी गाडी) आहे. चढावर दम लागतो. मुंबईहून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं किट, टर्बो किंवा सुपरचार्जर, पाठवायचं आहे. कोणतं? – एक वाचक, दादर

उत्तर : टर्बोच. 3,000 मीटरवर हवेचा दाब सुमारे 14.7 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) 10.2 वर येतो, म्हणजे इंजिनाची तीसेक टक्के ताकद तिथेच जाते. साडेचार पीएसआय बूस्टमध्ये (वरून दिलेल्या जादा दाबात) फक्त ही तूट भरते! पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचं दाबाचं गुणोत्तर (तो बाहेरच्या हवेचा दाब किती पट करतो ते) इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेलं असतं. दादरला 6 पीएसआय देणारा तिथे जेमतेम 4 देईल, आणि स्वतः फिरायला क्रँकचीच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, ताकद खाईल. टर्बो एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर, चालतो. विरळ हवेत जास्त वेगाने फिरून तूट भरून काढतो, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) दाब आवरतो. थ्रॉटल दिल्यावर क्षणभर वाट पाहावी लागते, हे खरं. झाडीत, जिथे ताकद लगेच हवी असते, तेवढ्यापुरता सुपरचार्जर सरस.

मात्र नुसता टर्बो बसवू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) नसतो, त्यामुळे टर्बोच्या बेअरिंगसाठी तेलाची वेगळी सोय, बहुधा टाकी आणि पंप, लागते, किटमध्ये आहे का ते आधी पाहा. बूस्टनुसार पेट्रोल वाढलं नाही, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन पिस्टनला भोक पडतं. हे मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर हवाच. क्लचमधली (फेऱ्या आवरणारी) वजनंही वाढवा, नाहीतर इंजिन ठरलेल्या आरपीएमपलीकडे पळतं. इंधनाचं ट्यूनिंग तिथेच, बर्फावर करायचं.