अंडाशयातल्या गाठीत दात, केस आणि मेंदूची ऊती कशी? ते अर्धवट राहिलेलं मूल असतं का?

बहिणीच्या अंडाशयातून डर्मॉइड सिस्ट काढली, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये केस, दात आणि मेंदूची ऊती असं लिहून आलं, म्हणून तुम्ही घाबरून हे विचारलंय. ते मूल नव्हतं, पोटात राहून गेलेलं जुळं भावंडही नव्हतं. शरीरसंबंधाशी तर या गाठीचा काडीचाही संबंध नाही. लहान मुलींनाही ती होते. घरात कुणी बहिणीकडे संशयानं बघत असेल, तर एवढं त्यांना आधी ठणकावून सांगा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठी नेहमी बघते. शरीराच्या उबेत आतला स्निग्ध पदार्थ पातळ असतो, आमच्या टेबलावर येईपर्यंत तो तुपासारखा थिजतो. त्यात केसांचा गुंता. ते सगळं पुसून काढलं की आतल्या भिंतीवर एक उंचवटा दिसतो. दात, हाड बहुधा तिथेच सापडतं, आणि दात खरा असतो, अगदी इनॅमलसकट. स्पेनमध्ये रोमन काळातल्या एका स्त्रीच्या सांगाड्यात, ओटीपोटाच्या जागी, अशी दातांची गाठ जशीच्या तशी मिळाली आहे.

हे होतं कसं? स्त्रीबीज ज्या पेशींपासून तयार होतं, त्यांच्यात शरीरातली कुठलीही ऊती घडवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी पेशी शुक्रजंतूशिवायच, आपली आपण वाढू लागते. त्वचा, चरबी, कूर्चा, आतड्याचं अस्तर, जे जमेल ते बनवते. पण वडिलांकडून येणारा जनुकांचा वाटा नसल्यामुळे त्यातून गर्भ काही घडत नाही. काही गाठींत थायरॉइडच इतकं भरतं की त्यातून संप्रेरक स्रवून छातीत धडधड सुरू होते. क्वचित प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीची ऊतीही मिळते, तीही वाय गुणसूत्र नसलेल्या शरीरात! मला आजही याचं नवल वाटतं.

मेंदूच्या ऊतीबद्दल मात्र नीट समजून घ्या. बहुतेकींना तिचा काहीच त्रास होत नाही. क्वचित शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती प्रतिपिंडं खऱ्या मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवर संदेश झेलणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतात. हा आजार 2007 मध्ये नीट ओळखला गेला. चांगली धडधाकट मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, भास होतात, झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं वेड लागलं. गाठ काढून वेळेत उपचार झाले तर यातल्या बऱ्याच जणी सावरतात.

रिपोर्टमध्ये 'मॅच्युअर' लिहिलंय की 'इमॅच्युअर', तेवढं आजच बघा. मॅच्युअर, म्हणजे पूर्ण तयार ऊतींची, ती जवळपास नेहमीच साधी, कर्करोग नसलेली गाठ. इमॅच्युअर, म्हणजे कच्च्या ऊतींची, असेल तर वेळ न घालवता कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. दुसऱ्या अंडाशयातही अशी गाठ असू शकते, तेव्हा डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी चुकवू नका. आणि पुढे कधी तिचं वागणं एकाएकी बदललं, तर ज्या डॉक्टरांकडे न्याल त्यांना या गाठीबद्दल आठवणीनं सांगा.