पायातल्या नसेच्या दुखण्याचं नेमकं कारण कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की डाव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत कळ जाते, रात्री दोन्ही तळपाय जळतात, साखरेची गोळी मेटफॉर्मिन ८ वर्षं चालू आहे आणि एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ बल्ज’ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली) आलाय. एक डॉक्टर मणका म्हणतात, दुसरे साखर. मी डॉक्टर नाही. पण याच गोंधळात माझं दीड वर्ष गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं येतात, तेव्हा सात-आठ तास ओट्यापाशी उभं राहावं लागतं. त्या दिवसांत उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग सुरू झाली. साडी नुसती घासली तरी मिरची चोळल्यासारखं व्हायचं. बसलं की बरं वाटायचं. एमआरआयमध्ये तुमच्यासारखंच ‘एल४-एल५ बल्ज’ आलं, आणि मला कमरेचा पट्टा मिळाला. पट्टा आवळला की आग वाढायची. मला वाटायचं, मीच तो नीट बांधत नाही.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखवा.” मी दाखवलं त्या भागाभोवती त्यांनी पेनानं रेघ ओढली. रेघ गुडघ्याच्या वरच राहिली. पायाची ताकद पाहिली, हातोडीनं गुडघा-घोटा तपासला, सगळं ठीक. मग समजावलं: एल४-एल५ च्या चकतीपाशी सहसा दबते ती नस नडगीवरून अंगठ्याकडे उतरते. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस वेगळी. ती कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी, जांघेतून खाली येते आणि फक्त संवेदना पोचवते. त्या टोकावर त्यांनी अंगठा दाबला आणि मांडीत तीच आग पेटली. ओट्याची कड, परकराची घट्ट नाडी आणि वरून तो पट्टा, सगळे एकाच जागी दाबत होते. बधिर करायचं छोटं इंजेक्शन तिथं दिल्यावर थोड्याच वेळात आग शांत झाली, म्हणजे कारण पक्कं. या आजाराला मेरल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. पट्टा सुटला, नाडीच्या जागी सैल इलॅस्टिक आलं, आणि तीन महिन्यांत मी मोकळी झाले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: दवाखान्यात जाण्याआधी कागदावर पाय काढा आणि कळ कुठून कुठं जाते, कुठं जळतं, कुठं बधिर आहे ते रंगवा. बल्ज हा शब्द वाचून घाबरू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्के जणांच्या मणक्यात बल्ज होता, ऐंशीच्या वयात ८४ टक्के.

तुमचा नकाशा मात्र माझ्यापेक्षा वेगळा आहे. एका बाजूची, अंगठ्यापर्यंत जाणारी कळ एल४-एल५ शी जुळते. खोकताना-शिंकताना ती वाढते का, उताणं झोपून सरळ पाय उचलल्यावर पोटरीपर्यंत चमकते का, अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो का, टाचांवर चालता येतं का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन्ही तळपायांची सारखी जळजळ मात्र या एका चकतीनं सहसा होत नाही. ती साखरेची असू शकते किंवा बी-१२ कमी असल्याची. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यानं बी-१२ उतरू शकतं, शाकाहारी असाल तर आणखी. त्यामुळं दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एका पायाला दोन दुखणी असू नयेत असा काही नियम नाही.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ आणि थायरॉइड या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. पायाच्या बोटावर कंपनाचा चिमटा ठेवून, नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहतात, ती तपासणी पाच मिनिटांची आहे, ती मागूनच घ्या. नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही उपयोगी आहे, पण बारीक नसाच बिघडल्या असतील तर ती नॉर्मल येते. तेवढ्यावरून ‘तुम्हाला काही नाही’ असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. स्नायूत सुई घालून करायची ईएमजी दुखणं सुरू झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी केली तरच खरं चित्र दिसतं.

आपल्याकडं ‘शीर’ म्हटलं की रक्ताची आणि संवेदनेची दोन्ही एकच समजतात. चालल्यावर पोटरी भरून येऊन नुसतं उभं राहताच थांबत असेल, तर रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. पावलावरची नाडी तपासायला सांगा.

लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत खोगीर बसते तेवढा भाग बधिर झाला किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर रात्री दोन वाजलेले असले तरी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. त्यात तासांचा हिशेब असतो.

आणि मेडिकलवाल्याकडून बी-१२ ची इंजेक्शनं आणायचा विचार असेल, तर आधी रक्त द्या, मग सुई घ्या. सुईनंतर आकडा वर जातो आणि मूळ कमतरता होती की नाही ते मग कळत नाही.